तिसाव्या किलोमीटरनंतर
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[पहाटेचा पाम बीच रोड. दिव्यांची रांग. धावणारे पाय.]

वाशीहून बेलापूरकडे. मोराज सर्कल, सारसोळे, अक्षर, किल्ले गावठाण. नवी मुंबईत 42 किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, करणाऱ्यांना हे सिग्नल पाठ असतात. रस्ता सपाट आहे. सपाट म्हणजे सोपा असं ज्याला वाटतं, तो इथे सलग तीन तास धावलेला नसतो. चढ-उतार नाहीत, म्हणजे हजारो वेळा तेच पाऊल, त्याच स्नायूंवर तोच भार. त्यात खाडीची दमट हवा घाम सुकू देत नाही. पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास मांड्या जड होतात आणि तिसाव्यानंतर डोकं म्हणू लागतं, पुरे आता.

ते ऐकायचं की नाही, हे कशाच्या जोरावर ठरवायचं?

[पोटरी, नडगी, गुडघा. जवळून.]

सगळ्यात आधी दुखणं ओळखायचं. दोन्ही मांड्यांत सारखी आग, दोन्ही पोटऱ्या भरून आलेल्या, धाप लागलेली, हे श्रमाचं दुखणं. पेस, म्हणजे धावण्याचा वेग, थोडा उतरवला की एक-दोन मिनिटांत ते ओसरतं. मनाच्या युक्त्या चालतात त्या इथेच.

दुखापतीचं दुखणं बहुतेकदा एकाच बाजूला असतं आणि बोट ठेवून दाखवता येतं. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी ठणका लागतो, तो पावलागणिक वाढतो आणि पाऊल वाकडं पडायला लागतं. अशा वेळी दोन मिनिटं चाला, मग हळू धावून बघा. पहिल्या शंभर पावलांत तोच ठणका परत आला, तर त्या दिवसाचं धावणं संपलं. ताणामुळे हाडाला बारीक भेग पडली असेल, तर जिद्दीने धावून ती मोठीच होणार. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, यांपैकी काहीही झालं तर चालून बघण्याचाही प्रश्न नाही. थांबायचं आणि मदत मागायची.

स्टार्ट लाइनवर उभं राहण्याआधीच पेनकिलर घेणारेही असतात. त्या गोळीने नेमकी ही ओळखच पुसली जाते. शिवाय अंगात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक औषधं मूत्रपिंडांवर ताण आणतात.

[घड्याळावरचा पेस. कमरेच्या पट्ट्यातून निघणारं जेल.]

आता दुसरी तपासणी. ‘मन कच्चं पडलं’ असं जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं मनाचं नसतंच. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं राखीव इंधन, साठवतात. मॅरेथॉनच्या वेगाला हा साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तळाला जातो, आणि सुरुवात जोरात केली असेल तर त्याच्याही आधी. पाम बीचवर हे हमखास घडतं. गप्पा मारत निघालेला घोळका पहिले पाच किलोमीटर ठरल्यापेक्षा वेगात काढतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पहिले पाच किलोमीटर दर किलोमीटरला ठरल्यापेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू धावा.

खाणंही भूक लागायच्या आत सुरू व्हायला हवं. पहिलं जेल, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाची पुडी, चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या मिनिटाला. एका जेलमध्ये साधारण वीस ते पंचवीस ग्रॅम कर्बोदकं असतात आणि तासाला तीस ते साठ ग्रॅम लागतात. हे चुकलं असेल तर कोणतंही प्रेरक वाक्य उपयोगाचं नाही.

यातली एक गंमत अशी, की 2004 मध्ये एका प्रयोगात सायकलपटूंनी कर्बोदकांचं पाणी फक्त तोंडात खळखळून थुंकलं, तरी सुमारे तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या चाचणीत, त्यांची वेळ सुधारली. पोटात काही गेलं नव्हतं. तोंडाने मेंदूला वर्दी दिली, एवढंच.

[महापे. ऑफिसमधून बाहेर पडणारी गर्दी.]

मेंदूचा वाटा किती मोठा असतो, हे 2009 मध्ये संशोधक सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी मोजलं. नव्वद मिनिटं डोक्याला शीण देणारं काम करून सायकलवर बसलेली माणसं एरवीपेक्षा सुमारे 15 टक्के लवकर थांबली. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांतून त्याचा उलगडा होईना. तेच श्रम त्यांना जास्त जड वाटत होते. महाप्यात किंवा ऐरोलीत दिवसभर स्क्रीनपुढे बसून संध्याकाळी कठीण इंटरव्हल्स, म्हणजे मध्ये विसावा घेत जोराचे टप्पे, काढायला जाणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. तो वर्कआउट सकाळी ठेवा. आणि शर्यतीच्या आदल्या रात्री फोन लांब ठेवा.

[ठाण्यातल्या येऊरचा चढ. श्वासाचा आवाज.]

एवढं सगळं जागेवर असेल, तर मग मनाकडे वळू.

मॉर्गन आणि पोलॉक या संशोधकांनी 1977 मध्ये नोंदवलं, की अव्वल मॅरेथॉनपटू शर्यतीत लक्ष दुसरीकडे वळवत नाहीत, ते स्वतःचं शरीर वाचत राहतात. सोप्या पेसला गाणी, गप्पा, हिशेब काहीही चालतं. पेस कठीण झाला की मन भटकतं आणि त्याबरोबर वेगही घसरतो. म्हणून प्रत्येक सिग्नलला वरून खाली एक फेरी मारायची. जबडा सैल, खांदे खाली, मुठी उघड्या, पाऊल हलकं. दोन-तीन सेकंदांचं काम आहे, पण आवळलेल्या खांद्यांत वाया जाणारी ताकद वाचते.

मग अंतराचे तुकडे. बारा किलोमीटर उरलेत हा विचार पेलत नाही. पुढचा सिग्नल पेलतो. तोही जड झाला की पुढचा दिव्याचा खांब, आणि तोही नकोसा झाला की मोजणी. फक्त उजवं पाऊल मोजा, एक ते शंभर. मिनिटाला 170 पावलं पडत असतील तर शंभराला सत्तर सेकंद लागतात. किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसला असे सहा शंभर म्हणजे एक किलोमीटर. मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून. ती बरोबर येण्याला महत्त्व नाही.

स्वतःशी बोलण्याचीही रीत आहे. 2014 च्या एका अभ्यासात प्रेरक स्वसंवादाचा दोन आठवडे सराव केलेल्यांनी सायकलवर तग धरण्याचा वेळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढवला. वाक्यं त्यांनी आधी निवडून घोटलेली होती. 2019 मध्ये 10 किलोमीटर सायकलिंगवर तपासलं तेव्हा ‘मी’पेक्षा ‘तू’ म्हणणारी वाक्यं सरस ठरली. तेव्हा ‘मला दुखत नाही’ म्हणू नका. दुखतंय हे अंगाला माहीत असतं. ‘चल, अक्षरपर्यंत’, ‘हे तू येऊरला केलंयस’, असं खरं आणि आखूड काहीतरी हवं. मधल्या टप्प्यासाठी एक, शेवटासाठी वेगळं.

आणि ‘जर-तर’ घरीच लिहून ठेवा. पोटरीत गोळा आला तर तीस सेकंद चालेन, पोटरी हळूच ताणेन, मग आखूड पावलांनी सुरू करेन. पेसरची बस, म्हणजे ठरलेल्या वेगाने नेणाऱ्या धावपटूमागचा घोळका, सुटली तर मागे पळत सुटणार नाही, पुढची पाच मिनिटं माझ्या पेसने काढेन. थकलेलं डोकं निर्णय वाईट घेतं. तो आधीच घेतलेला बरा.

[येऊरहून उतरणारे धावपटू. घाम. चिंब भिजलेले बूट.]

हे सगळं शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करून चालत नाही. 24 किलोमीटरच्या लाँग रनचे शेवटचे तीन शर्यतीच्या पेसने, गाण्यांशिवाय, आणि एका रविवारी एकच युक्ती. दर आठवड्याला मात्र नको, दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ पाय संपल्यावर येतो आणि पाम बीच त्याची तयारी करून देत नाही. त्यासाठी येऊर. तीन मिनिटं चढ, चालत उतार, असं सहा वेळा, आणि प्रत्येक चढाच्या तिसऱ्या मिनिटाला ठरलेलं वाक्य. बहुतेकांची चूक एकच होते. दहाव्या किलोमीटरलाच मोजणी सुरू करतात आणि तिसाव्यापर्यंत तिला कंटाळतात.

[पाण्याचं टेबल. बर्फाची पेटी.]

या साऱ्या युक्त्या शुद्धीवर असलेल्या डोक्यासाठी आहेत. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान चाळीसच्या पुढे जातं आणि आधी बिघडतो तो विचार. असा धावपटू स्वतः थांबत नाही, उलट ‘मी ठीक आहे’ म्हणतो. म्हणून ही नजर सोबत्याने ठेवायची. पावलं अडखळतायत, असंबद्ध बोलतोय असं दिसलं की नाव, वार, आपण कुठे आहोत, हे विचारायचं. उत्तर चुकलं तर बाजूला सावलीत आणायचं, 108 ला फोन करायचा आणि गाडीची वाट न बघता अंग गार करायला लागायचं. अंगावर गार पाणी ओतत राहा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.