पिन २ वरची सपाट रेघ

[दृश्य: तपकीर गल्ली, दुपार. दिव्यांच्या माळा, वायरची भेंडोळी. कॅमेरा एका काउंटरवर थांबतो.]

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. इथे सुट्या पार्टच्या दुकानात १०० किलोओहमचा पॉट, म्हणजे नॉब फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स मागितला, की उलटा प्रश्न येतो: "ए देऊ का बी?" ए म्हणजे लॉग, कानाला सारखा वाटेल असा चढणारा; बी म्हणजे लिनियर, नॉबच्या प्रमाणात सरळ चढणारा. हा पॉट जाणार आहे सिंथेसायझरच्या किटमधल्या मिक्सरमध्ये. ए घ्यावा की बी, हे सर्किट वाचल्यावरच कळतं.

[दृश्य: कोथरूडमधला फ्लॅट. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर पीसीबी (सर्किटचा बोर्ड), सोल्डरिंग गन, छोटा स्कोप (व्होल्टेजची लाट दाखवणारा पडदा).]

तीन चॅनलचा मिक्सर. पार्ट मूठभरच. आठ पायांची एक आयसी, टीएल०७२, जिच्या पोटात दोन ऑपॲम्प, म्हणजे गणितं करू शकणारे छोटे ॲम्प्लिफायर असतात. तीन पॉट. १०० किलोओहमचे सहा रेझिस्टन्स. आउटपुटला १ किलोओहमचा एक.

तीन आवाज एकत्रच करायचेत, तर वायरी सरळ जोडून का टाकू नयेत? कारण मग आवाजाच्या लाटा तयार करणारे तीन ऑसिलेटर एकमेकांशी भांडत बसतात. मध्ये रेझिस्टन्स टाकले तर भांडण मिटतं, पण प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश पातळी येते. शिवाय एका चॅनलचा आवाज दुसऱ्याच्या वायरीत उलटा शिरतो.

ऑपॲम्प हवा तो इथे. पिन ३, म्हणजे आयसीचा तिसरा पाय, ग्राउंडला म्हणजे शून्य व्होल्टला जोडलेली. तिन्ही चॅनलचे रेझिस्टन्स येऊन मिळतात पिन २ वर. आउटपुट म्हणजे पिन १, आणि तिथून पुन्हा पिन २ पर्यंत १०० किलोओहमचा फीडबॅक, म्हणजे परत फिरवणारा रेझिस्टन्स. ऑपॲम्पचा हट्ट एकच: पिन २ चं व्होल्टेज पिन ३ इतकंच, म्हणजे शून्यच राहिलं पाहिजे.

[दृश्य: कागदावर पेन्सिलने आकडेमोड.]

समजा पहिल्या रेझिस्टन्सच्या तोंडाशी ५ व्होल्ट आहेत. पलीकडे शून्य, म्हणून ५० मायक्रोअँपिअर करंट वाहणार. दुसऱ्यावर २ व्होल्ट असतील तर आणखी २०. हे ७० मायक्रोअँपिअर फीडबॅकमधून ओढून घ्यायचे, तर पिन १ ला उणे ७ व्होल्टवर जावंच लागतं. झाली बेरीज, फक्त चिन्ह उलटं. हौदात येईल तितकं पाणी कुणी लगोलग उपसत राहिलं, तर पातळी हलत नाही आणि एका नळाला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही, तसंच हे.

[दृश्य: स्कोपचा प्रोब पिन २ वर. पडद्यावर सपाट रेघ.]

सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी) आणि स्क्वेअर (चौकोनी), दोन्ही लाटा चालू. स्पीकर घुमतोय. प्रोब पिन २ वर टेकवला, तर पडद्यावर सरळ रेघ.

"अगं, बंद पडलं की काय?"

"नाही गं आई, तिथे असंच दिसायला हवं."

प्रोब पिन १ वर सरकतो आणि दोन्ही लाटा एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

ही युक्ती सिंथपेक्षा जुनी. बेल लॅबचे कार्ल स्वार्ट्झेल यांनी १९४१ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अशा ॲम्प्लिफायरच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे विमानवेधी तोफांचा नेम काढणाऱ्या यंत्रांत हे ॲम्प्लिफायर गणितं करू लागले.

[दृश्य: मल्टिमीटरची पिन पॉटच्या मधल्या पायावर.]

आता पॉट. लिनियर आहे, नॉब बरोबर मध्यावर, इनपुटला ५ व्होल्ट. मधल्या पायावर अडीच यायला हवेत. मीटर दाखवतो २. मीटर बरोबर आहे! मधल्या पायापासून पिन २ पर्यंतचा १०० किलोओहम पॉटच्या खालच्या ५० किलोओहमला समांतर बसतो, दोन्ही मिळून ३३ होतात, आणि भागाकार ०.४ वर येतो. म्हणजे बी घेतला तरी नॉब पुरता लिनियर उरत नाही, किंचित लॉगकडे झुकतो. किट बनवणाऱ्यांना हे बहुतेक चालतं. कानाला खरा चढउतार हवा असेल तर मात्र ए घ्यावा.

दुसरा ऑपॲम्प चिन्ह पुन्हा सुलट करतो. नुसत्या आवाजाला त्याचं फारसं काही नाही. पण याच मिक्सरमधून कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे स्वर वरखाली करणारं व्होल्टेज न्यायचं असेल आणि हा दुसरा ऑपॲम्प नसेल, तर वर जाणारा स्वर खाली उतरेल. अशा वेळी इनपुटला कपॅसिटर आहे का, तेही बघावं. १ मायक्रोफॅरडचा असला तरी स्थिर व्होल्टेज तिथेच अडतं.

[दृश्य: तिन्ही नॉब पूर्ण फिरवलेले. स्कोपवर लाटेचे माथे छाटलेले.]

खरी मजा आता. युरोरॅकमधला (सुट्या मॉड्यूलच्या सिंथचा एक प्रकार) ऑसिलेटर साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे लाटेच्या तळापासून माथ्यापर्यंत, देतो. तीन मिळून ३०. सप्लाय मात्र अधिक-उणे १२ चा, आणि टीएल०७२ त्याच्याही टोकापर्यंत पोचत नाही. माथे छाटले जाणारच. फीडबॅकला ३३ किलोओहम लावला तर तिन्ही आवाज पूर्ण सोडूनही लाट शाबूत राहते, पण एकच चॅनल वाजवला तर तो मिणमिणतो. मला १०० च बरा वाटतो. १९७० च्या मिनीमूग या सिंथमध्येही मिक्सर जोरात ढकलून पुढच्या फिल्टरमधला आवाज खरखरीत करण्याची वादकांना सवयच होती.

[दृश्य: पीसीबीचा क्लोजअप.]

म्हणून या बोर्डावर फीडबॅकच्या जागी रेझिस्टन्स सोल्डर केलेला नाही, दोन पायांचं सॉकेट बसवलंय. ३३, ४७, १००: जे रुचेल ते खोचायचं. आधी सप्लाय बंद करून.