दोन लेखण्या आणि एक घुमट

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका लाकडी पेटीपासून सुरुवात करतो. पेटी उतरत्या मेजासारखी, तिच्यावर दांड्यांची चौकट आणि चौकटीत अडकवलेल्या दोन लेखण्या. एक लेखणी हातात धरून तुम्ही लिहू लागलात, की शेजारच्या कोऱ्या कागदावर दुसरी तीच अक्षरं उमटवत जाते. मूळ पत्र टपालात टाकायचं, नक्कल घरी ठेवायची. 1803 साली अमेरिकेत या यंत्राचं पेटंट झालं. त्याचं नाव पॉलिग्राफ. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक वास्तुकार होता, बेंजामिन हेन्री लॅट्रोब. त्याच्याकडचं यंत्र राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी वापरून पाहिलं आणि लगेच स्वतःसाठीही घेतलं. पुढे अनेक वर्षं ही दोन माणसं एका घुमटावरून भांडत राहिली आणि दोघांच्याही घरी त्या भांडणाच्या नकला साठत गेल्या. संशोधकांना यापेक्षा आणखी काय हवं!

लॅट्रोब जन्मानं इंग्रज. यॉर्कशरमध्ये 1764 साली जन्मला आणि 1796 साली व्हर्जिनियात उतरला. आधी रिचमंडचा तुरुंग बांधला, मग फिलाडेल्फियात बँक आणि शहराचा पाणीपुरवठा. 1803 मध्ये जेफरसननी त्याला सार्वजनिक इमारतींचा सर्व्हेयर, म्हणजे बांधकामाचा प्रमुख, नेमलं. मुख्य काम वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचं, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या इमारतीचं. सिनेटची बाजू कशीबशी उभी होती, प्रतिनिधिगृहाची जवळजवळ पहिल्यापासून करायची होती.

गंमत अशी, की हा सर्व्हेयर वॉशिंग्टनमध्ये राहतच नव्हता. 1807 पर्यंत त्याचा मुक्काम फिलाडेल्फिया आणि डेलावेअरच्या बाजूला. दुसरीही कामं होती, संसार होता, आणि चिखलानं भरलेल्या त्या नव्या राजधानीची त्याला ओढ नव्हती. कामावर जॉन लेंथल नावाचा देखरेख करणारा माणूस होता. कॅपिटॉलचं बरंचसं काम पत्रांवर चाललं. दगड कुठला, कमान किती, मजुरी किती, सगळं कागदावर. लेंथलला लिहिलेल्या पत्रांत मधूनच आकृत्या, मधूनच थट्टा. एका पत्रात तो लिहितो त्याचा भावार्थ असा, की आपण दोघं ठोंबे, या देशात वास्तुकार आणि कवी म्हणजे फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष, तेव्हा चला, त्यांच्यापुढे लोटांगण घालू! साहेबाबद्दल असं लिहिणारा माणूस मला तरी लगेच जवळचा वाटतो.

ही चिडचिड आली कुठून? जेफरसन 1786 साली पॅरिसला असताना त्यांनी तिथल्या धान्यबाजाराचा घुमट पाहिला होता. लाकडी फासळ्यांचा प्रचंड घुमट, आणि फासळ्यांच्या मधल्या पट्ट्यांत वरपासून खालपर्यंत काचा. आत उजेडाचा पूर. याच इमारतीत मारिया कॉस्वे या चित्रकर्तीशी त्यांची पहिली भेट झाली, त्यामुळे त्या घुमटावरचं त्यांचं प्रेम निव्वळ वास्तुशास्त्रीय होतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. प्रतिनिधिगृहावर तसंच छत हवं, हा त्यांचा हट्ट.

लॅट्रोबचे आक्षेप अगदी घरगुती होते. आडव्या-तिरप्या काचा गळणार. गळल्या नाहीत तरी हिवाळ्यात आतल्या दमट हवेचं पाणी गार काचेवर धरणार आणि खाली बसलेल्या सभासदांवर टपकणार. शिवाय थेट ऊन डोळ्यांत जाणार. त्यापेक्षा घुमटाच्या माथ्यावर एक छोटा मनोरा ठेवावा, त्याला उभ्या खिडक्या असाव्यात. त्याला इंग्रजीत लँटर्न म्हणतात, आपण कंदील म्हणू. उभी काच गळत नाही, हे कुठलाही गवंडी सांगेल.

जेफरसनांचं उत्तर पुस्तकातलं. ग्रीकांच्या किंवा रोमनांच्या देवळांवर असा मनोरा कुठे आहे? ही तर घंटा टांगण्यासाठी निघालेली इटालियन टूम! यावर मे 1807 मध्ये लॅट्रोबनं जे पत्र लिहिलं, ते मला या सगळ्या दप्तराचं हृदय वाटतं. तो म्हणतो, ग्रीक वास्तुकलेच्या बाबतीत मी स्वतः कट्टर आहे. पण आपली हवा ग्रीसची नाही, आपला कारभार आणि आपला धर्मही त्यांच्यासारखा नाही. मग इमारत जशीच्या तशी कशी चालेल? उपयोगाची गरज आधी, शोभा तिच्या मागून. राष्ट्राध्यक्षाला हे लिहिताना अदब कुठेही सुटत नाही, पण मुद्दाही सुटत नाही.

शेवटी झालं काय, तर पगार देणाऱ्याचं ऐकावं लागलं. घुमटात शंभर काचा बसल्या. 1807 च्या ऑक्टोबरात सभागृह सुरू झालं. दिसायला देखणं, पण छत गळायला लागलं आणि आवाजही इतका घुमायचा, की भाषण नीट ऐकू येईना. घुमणं थांबवायला खांबांमध्ये पडदे लावावे लागले.

अशा मोठ्या वादांच्या मधे बारीक कामंही चालू होती. शिल्पकार हवेत म्हणून लॅट्रोबनं 1805 मध्ये इटलीला जेफरसनांचे मित्र फिलिप माझेई यांना लिहिलं. जुझेप्पे फ्रांझोनी आणि जोव्हानी आंद्रेई तिथून आले. फ्रांझोनीनं गरुड घडवायला घेतला, पण तो पडला रोमन गरुड. लॅट्रोबनं फिलाडेल्फियाच्या संग्रहालयवाल्या चार्ल्स विल्सन पील यांना कळवलं, की अमेरिकी गरुडाचं डोकं आणि पंजे कसे असतात ते हवंय. हेच पील पॉलिग्राफही बनवायचे.

1808 हे साल मात्र वाईट उजाडलं. खर्च मंजुरीच्या बाहेर गेला आणि जेफरसनांकडून कडक बोल ऐकावे लागले. सप्टेंबरात कॅपिटॉलमधल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या दालनाची विटांची कमान सेंटरिंग काढताना कोसळली. लेंथल खाली सापडला आणि गेला. खर्च वाचावा म्हणून कमानीच्या रचनेत बदल सुचवला होता तो त्यानंच, आणि लॅट्रोबनं तो मान्य केला होता. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. लॅट्रोबनं वर्तमानपत्रात लिहून जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यानंतरची पत्रं वाचताना जाणवतं, की थट्टा करायला हक्काचं माणूस उरलं नाही.

पुढच्या वर्षी त्याला एक वेगळंच यश मिळालं. सिनेटच्या बाजूच्या एका छोट्या दालनातल्या खांबांच्या माथ्यांना त्यानं ग्रीक पानांऐवजी मक्याची कणसं दिली. फ्रांझोनीनं ती कोरली. काँग्रेसचे सभासद खूश झाले. ऑगस्ट 1809 मध्ये तो जेफरसनांना लिहितो, की इतकी अवघड, भव्य कामं केली, पण सर्वांत जास्त वाहवा या कणसांनी मिळवली. बोलण्यात अभिमान आहे आणि थोडा हिरमोडही. पत्रात कबूल केल्याप्रमाणे कणसांचा एक नमुना त्यानं मॉन्टिसेलोला, जेफरसनांच्या घरी पाठवला. जेफरसन तेव्हा निवृत्त झाले होते.

24 ऑगस्ट 1814 ला ब्रिटिश सैन्यानं वॉशिंग्टनमध्ये शिरून कॅपिटॉल पेटवलं. दुसऱ्या वर्षी लॅट्रोबला दुरुस्तीसाठी परत बोलावलं गेलं. प्रतिनिधिगृहाचा लाकडी घुमट नाहीसा झाला होता. कणसांचे खांब मात्र वाचले होते, आजही तिथेच उभे आहेत. छताच्या काचा वितळल्या होत्या. जेफरसनांना लिहिलेल्या पत्रात त्यानं नोंदवलंय, की वितळून गोळा झालेली बरीच पौंड काच माझ्यापाशी पडून आहे. नव्या अर्धवर्तुळाकार सभागृहावर त्यानं कंदील बसवण्याचं ठरवलं. या वेळी अडवणारं कुणी नव्हतं.

इमारत पुरी होईपर्यंत तो टिकला नाही. वरिष्ठांशी खटके उडून 1817 मध्ये त्यानं राजीनामा दिला. पाणीपुरवठ्याच्या कामासाठी न्यू ऑर्लिन्सला गेला आणि 1820 च्या सप्टेंबरात पीतज्वरानं वारला. तीन वर्षांपूर्वी त्याच शहरात, त्याच तापानं त्याचा मोठा मुलगा गेला होता.

पण त्या आधीचं, 1816 च्या ऑगस्टमधलं जेफरसनांचं एक पत्र आहे. घुमटाचा विषय त्यांच्यात आता उरला नव्हता. म्हातारबुवा लिहितात, की तुम्ही पाठवलेल्या कणसांच्या त्या दगडावर मी सूर्यघड्याळ बसवलंय. येणारा जाणारा ते पाहून खूश होतो, आणि वेळही अचूक दाखवतं.