नवी सिस्टर काहीच विचारत नाही तेव्हा

समोर बहुतेक इन्चार्ज सिस्टर बसल्या आहेत, म्हणून नव्या मुलामुलींनी कसं वागावं यावर मी आज बोलणार नाही. तुमच्याशीच बोलते.

नवी स्टाफ नर्स वॉर्डात आली की पहिल्या दिवशी ड्यूटी लिस्टवर तिचं नाव चढतं. ती आपल्यातली व्हायला मात्र महिने जातात. चहाला तिला हाक मारायची राहते, जीएनएम (डिप्लोमा) की बीएस्सी (पदवी) यावरून कुजबुज होते, केरळहून आलेली असेल तर तिच्या मराठीला हसतात. "आम्हीपण हेच सोसलंय," असं म्हणून आपण विषय संपवतो. मला तो संपवता येत नाही, कारण याची किंमत पेशंट मोजतो.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिटची व्हायल मिळते आणि १०० युनिटचीही. सिरिंजही वेगळ्या, चाळीसची लाल टोपीची, शंभरची केशरी. शंभरच्या व्हायलमधून चाळीसच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर पेशंटला १० ऐवजी २५ युनिट जातात. रात्री दोन वाजता हातात सिरिंज धरून उभ्या असलेल्या मुलीला शंका येते. दुपारी नातेवाइकांसमोर जिने तिला "एवढंही येत नाही का?" म्हणून झापलं, तिलाच आता उठवून विचारायचं आहे. ती विचारेल? काही जणी विचारतात, त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार. पण पेशंटची साखर कोणाच्या धाडसावर सोडायची नसते.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली तिसरी, सक्षमतेची, साधारण दोन-तीन वर्षं एकाच तऱ्हेचं काम केल्यावर येते. त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: अनुभवी नर्सही अनोळखी विभागात गेली की पुन्हा नवशिकी होते. मेडिसिन वॉर्डात पंधरा वर्षं काढलेली सिस्टर एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बदलून आली, तर तीही त्या जागी नवीनच. तिला तर विचारायची जास्तच लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, मॅडम, माणसं कुठे आहेत? खरं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ३ खाटांमागे १ नर्स हवी, आणि रात्री एकटीकडे तीस-चाळीस पेशंट असतात. त्यासाठी भांडायलाच हवं, मी तुमच्यासोबत आहे. पण माणसं कमी असतील, तर आलेलं माणूस सहा महिन्यांत राजीनामा देऊन जाणं आपल्याला मुळीच परवडणारं नाही.

आपल्या हातात ओव्हर आहे, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला सोपवणं. खाटेपाशी उभं राहून द्या, नवीला मधे थांबवून विचारू द्या, आणि तिने विचारलं नाही तर तुम्हीच विचारा, "यातलं काय कळलं नाही?" चूक दिसली तर ट्रीटमेंट रूममध्ये नेऊन सांगा. वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामांनाही सांगून ठेवा, त्यांच्या लक्षात तिची घाबरगुंडी आपल्याआधी येते.

आणि पुढच्या महिन्याची लिस्ट करताना नवीची पहिली नाइट एकटीची लावू नका. सोबत जुनी कोण हवी, हे तिला विचारून ठरवा.