टिप कुणी दिली? बंदुकांच्या होड्या आणि खबऱ्याचे पैसे

राम राम मंडळी! गोव्याची दारू कणकुंबीच्या नाक्यावर सापडली, की खानापुरात पहिला प्रश्न एकच: "टिप कुणी दिली?" गाडी कुणाची, माल किती, हे नंतर.

तोच प्रश्न घेऊन आज मस्कतला जाऊया. १९०० च्या आसपास युरोपातल्या बंदुका तिथं राजरोस विकल्या जायच्या. तिथनं होडीनं पलीकडचा मकरानचा (इराण-बलुचिस्तानचा) किनारा, मग उंटांवरून अफगाणिस्तान, आणि शेवटी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर इंग्रजांच्याच फौजेवर रोखलेल्या! सुलतानानं बंदी घालावी, तर फ्रान्सशी १८४४ चा व्यापारी करार आडवा. मग इंग्रजांनी १९०९-१० पासून समुद्रातच पहारा बसवला.

पण खजुराची होडी आणि बंदुकांची होडी लांबून सारखीच की हो. झडती कुणाची घेणार? इथं खबऱ्या लागतो. धक्क्यावर रात्री काय भरलं, हे त्याला ठाऊक. मस्कतहून पलीकडं इराणच्या जास्क बंदरापर्यंत समुद्राखालची तार १९०१ लाच पडली होती, म्हणजे खबर होडीला मागं टाकणार.

आता पैशाचं बघा. आधी दिले, तर तो थापा मारायला मोकळा. माल सापडल्यावर देतो म्हटलं, तर तोवर व्यापारी त्याच्या हातावर जास्त ठेवणार. शिवाय एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याची होडी पकडून दिली, तर बक्षीसही मिळालं आणि स्पर्धकही गेला. मला तर यातला हा तिसरा डाव सगळ्यात पक्का वाटतो.

खबर खरी असली तरी ती स्वस्तात पडत नाही. डिसेंबर १९१० मध्ये बंदुका दडवल्यात म्हणून 'हायसिंथ' या इंग्रज युद्धनौकेचे खलाशी दुबईत उतरले. घरांची झडती, बाचाबाची, गोळीबार. दुबईची ३७ माणसं मेली. वर इंग्रजांनी शेखाकडं ४०० बंदुका आणि ५०,००० रुपये मागितले. पुढं १९१२ मध्ये मस्कतमधली सगळी हत्यारं एकाच सरकारी गोदामात ठेवायची सक्ती झाली, तेव्हा कुठं धंदा बसला.

आणि आपल्याकडचं? १९०९ मध्ये लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून बोटीनं मुंबईत उतरली. कुणाला पत्ता नाही. त्यातल्याच एकानं अनंत कान्हेरेंनी २१ डिसेंबरला नाशिकात कलेक्टर जॅक्सनला मारलं. पेटी आणणारा चतुर्भुज अमीन, लंडनच्या इंडिया हाऊस या भारतीय क्रांतिकारकांच्या वसतिगृहातला स्वयंपाकी. सापडल्यावर तोच माफीचा साक्षीदार झाला. रोख रक्कम कशाला? सरकारनं त्याला त्याची सुटका देऊ केली, आणि सगळं बाहेर आलं.