‘लाईट गेली’ म्हणजे कुठे गेली?

नमो बुद्धाय, जय भीम.

मागच्या महिन्यात एका जलदान विधीला, म्हणजे आपल्या बौद्धांच्या मृत्यूनंतरच्या विधीला, गेलो होतो. पत्रिकेवर नेहमीसारखं ‘कालकथित’ छापलेलं. आपण ‘कैलासवासी’ लिहीत नाही, ‘स्वर्गवासी’ लिहीत नाही. ते पत्तेच आपल्याला मान्य नाहीत. पालीत मेलेल्याला ‘कालकत’ म्हणतात, त्याचंच हे रूप आपल्या तोंडी बसलं असावं. त्रिसरण-पंचशील झालं, भंतेजींनी गाथा सुरू केली आणि थोरल्या मुलाने तांब्यातलं पाणी वाटीत ओतायला घेतलं. वाटी भरली, पाणी खालच्या ताटात सांडू लागलं, तरी तो ओततच होता. जेवणं उरकल्यावर घरची धाकटी सून माझ्याजवळ आली. म्हणाली, “काका, तुम्ही भाषणात सांगता आत्मा नाही म्हणून. मग मघाशी ते पाणी कुणासाठी ओतलं?”

“निवांत सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली. तीस वर्षं पाली शिकवलेल्या माणसाला ते शोभलं नाही. तेव्हा आज ती उधारी फेडतो.

पहिला घोळ आपली भाषा घालते. माणूस मेला की आपण म्हणतो, ‘गेला’. गेला म्हटलं की जाणारा आला, वाट आली, मुक्काम आला. पण ‘लाईट गेली’ असंही आपण रोज म्हणतो. तेव्हा कुठे गेली, असं कुणी विचारत नाही. फार तर खिडकीतून डोकावतो, समोरच्यांचीही गेली का ते बघायला!

हा विनोद माझा नाही, मूळ बुद्धांचा आहे. बुद्धवचनांच्या पाली संग्रहांना निकाय म्हणतात. त्यातल्या मज्झिम निकायात वच्छगोत्त नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, त्यांना विचारतो, मुक्त झालेला भिक्खू मेल्यावर कुठे उत्पन्न होतो? बुद्ध म्हणतात, समज, तुझ्यासमोर विस्तव जळतोय आणि तो विझला. आता सांग, तो पूर्वेला गेला की पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? वच्छ म्हणतो, हा प्रश्न इथे लागूच पडत नाही. सरपण होतं तोवर जळला, संपलं तसा विझला. ‘निब्बान’ या शब्दाचा अर्थही विझणं असाच आहे.

हे झालं ज्याचं सरपण संपलं त्याचं. आपल्यासारख्यांचं काय? आपल्या तृष्णेचा ढीग तर परसात रचलेलाच आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, काहींना रुचणार नाही. बुद्धांनी पुनर्जन्म सरसकट नाकारला, असं म्हणणं पाली निकायांना धरून होत नाही. ‘पुनब्भव’ हा शब्द तिथे ठिकठिकाणी भेटतो. मात्र त्याची फोड नीट पाहा: पुन्हा होणं. पुन्हा येणं नव्हे. यायला कुणीतरी लागतो, होण्याला कारणं पुरतात.

साती नावाचा भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा. विज्ञान म्हणजे इथे जाणीव, सायन्स नव्हे. तो सांगत फिरायचा, “हेच विज्ञान, हेच जसंच्या तसं, एका जन्मातून दुसऱ्यात धावतं.” बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं आणि चांगलंच झापलं. ‘मोघपुरिस’ म्हणाले, म्हणजे फुकट गेलेला माणूस. मग पुन्हा विस्तवाचाच दाखला. लाकडावर पेटला तर लाकडाचा, गवतावर पेटला तर गवताचा, गोवरीवर गोवरीचा, तुसावर तुसाचा. ज्यावर पेटला त्याचं नाव त्याला. विज्ञानही तसंच, कारण मिळेल तसं उगवतं. गाठोडं घेऊन निघालेला प्रवासी नाही ते.

यावर पुढे यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंदाने वकिली शंका काढली. तो सागल नगरीचा, आजचं सियालकोट, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. जन्मणारा तोच की दुसरा? भिक्खू नागसेन म्हणाले, “न च सो, न च अञ्ञो.” तोही नाही, दुसराही नाही. रात्रभर दिवा तेवला, तर पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग दिवे वेगळे का? तेही नाही. राजा हटेना. दुसराच जन्मत असेल तर पाप करणारा सुटला की! तेव्हा नागसेनांनी आंबेचोर उभा केला. चोर म्हणतो, महाराज, मालकाने पुरली ती कोय, मी तोडले ते आंबे. त्याचं मी काय चोरलं? यावर चोराला सोडणारा न्यायाधीश रत्नागिरीत तरी मिळणार नाही.

मरण आणि पुढचा जन्म यांच्यामध्ये काही काळ जातो का, यावर बौद्ध पंथांचंच एकमत नाही. पाली ग्रंथ प्रमाण मानणारा थेरवाद पंथ म्हणतो, मधे फट नाही. शेवटच्या चित्ताला लागूनच पुढचं. तिबेटी परंपरेत मधल्या अवस्थेला बार्दो म्हणतात, ती जास्तीत जास्त 49 दिवस चालते. जपानातही एकोणपन्नासावा दिवस पाळतात. आत्मा न मानणाऱ्यांनी दिवस मोजावेत, याची मला गंमत वाटते. पण मोजतो तो मागे राहिलेला माणूस, हेही खरं.

आता बाबासाहेब. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली आला. प्रस्तावनेतच त्यांनी अडचण मांडली आहे: आत्मा नाही, तर कर्म कुणाला चिकटतं आणि जन्म कुणाचा होतो? पुढे त्यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कुणाचा? पहिल्याला त्यांचं उत्तर होय असं आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं देह पडल्यावर आपापल्या साठ्याला मिळतात आणि पुन्हा एकत्र आली की नवा जन्म. दुसऱ्याला, त्याच माणसाचा या अर्थाने, फारच असंभवनीय. ‘कशाचा’ आणि ‘कुणाचा’ एवढ्या फरकात त्यांनी आत्म्याला बाहेर ठेवलं.

त्यांच्या या मांडणीत कर्माचं फळ पुढच्या जन्मात जात नाही, म्हणून थेरवादी भिक्खू आजही कुरकुरतात. निकायांच्या शब्दावर बोट ठेवलं तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण बाबासाहेब कुठे उभे राहून वाचत होते तेही बघा. ‘मागल्या जन्मीचं पाप’ हे उत्तर ज्यांना पाणवठ्यावर मिळालं, गावकुसाबाहेर मिळालं, त्यांच्या वतीने ते वाचत होते. गरिबाच्या हालाची जबाबदारी त्याच्याच गेल्या जन्मावर टाकली की समाज मोकळा, सरकार मोकळं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा उगाच आलेली नाही.

मग ते पाणी? भंतेजी म्हणत होते ती गाथा तिरोकुड्ड सुत्तातली: “यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं.” भरलेल्या नद्या सागर भरतात, तसं इथलं दान तिकडे पोचतं. त्याच सुत्तात मेलेले आप्त आपल्याच घरी येऊन दाराच्या चौकटीशी उभे आहेत. तिकडे शेती नाही, गुरं नाहीत, व्यापार नाही; इथून मिळेल त्यावर त्यांची गुजराण. मी हे भूगोल म्हणून वाचत नाही. पण ज्याच्या घरात मयत झाली, त्या प्रत्येकाने चौकटीशी उभं असलेलं माणूस पाहिलेलं असतं.

यापेक्षा रोखठोक संवाद अंगुत्तर निकायात आहे. जाणुस्सोणी ब्राह्मण विचारतो, श्राद्धाचं दान मेलेल्याला पोचतं का? बुद्ध म्हणतात, तो प्रेतयोनीत असेल तर पोचतं. माणूस, पशू किंवा देव झाला असेल तर त्याला तिथलं अन्न आहे, तुमचं लागत नाही. मग कुणीच घेणारं नसेल तर? बुद्ध म्हणतात, एवढ्या लांबच्या संसारात तुमचं कुणीच आप्त तिथे नसेल, हे शक्य नाही. शिवाय देणारा कधी रिकाम्या हाताने राहत नाही.

परवा त्या सुनेला फोन करून हे सगळं सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, “म्हणजे काका, पोचलं तर मामंजींना, नाही तर दुसऱ्या कुणाला, आणि तेही नाही तर आमचं आम्हालाच. मग तांब्या जरा मोठा घ्यायला हवा होता.”