तुटल्यावर काय दाखवील?

(पहाट. पाटणच्या पुढचा रस्ता, केबिनच्या काचेतून. इंजिनाचा आवाज.)

पहाटेचे पाच वाजलेत. कराडहून निघालेली आमची सहाचाकी पाटण मागे टाकून कोयनेच्या काठाकाठानं चालली आहे. हौद्यात साखरेची पोती, वर ताडपत्री. स्टिअरिंगवर आप्पा, माझे वडील. डॅशबोर्डावर, काचेच्या खाली, सात इंची टॅबलेट बसवलाय. त्याचा पडदा काळा आहे. कोपऱ्यात तेवढा एक हिरवा ठिपका. दर सेकंदाला एकदा लुकलुकतो.

हा ठिपका तिथं कसा आला, ते सांगतो.

(जुने फोटो. उघडलेलं इंजिन.)

मे महिना होता. चिपळूणहून जांभ्याचा चिरा भरून आप्पा कुंभार्ली घाट चढत होते. अर्ध्या चढावर रेडिएटरचा खालचा होज पाइप फुटला. आवाज आला नाही, समोर वाफही दिसली नाही. पाणी खालच्या खाली रस्त्यावर सांडत राहिलं. आप्पांनी टेंपरेचरच्या काट्याकडे पाहिलं, कारण चढाला तिकडं नजर जातेच. काटा रोजच्यापेक्षा खाली होता. गाडी थंड आहे म्हणून ते निर्धास्त राहिले. दोन वळणांनंतर जळका वास आला, गाडीनं ओढणं सोडलं आणि इंजिन जाम झालं.

काटा खाली का गेला? त्याचा सेन्सर इंजिनातल्या पाण्यात बुडलेला असतो आणि तो पाण्याचं तापमान मोजतो. पाणीच निघून गेलं तर त्याचं टोक हवेत लोंबकळतं. पाणी जशी उष्णता टोकापर्यंत पोचवतं, तशी हवा पोचवत नाही. लोखंड जळत असतं आणि काटा गार पडतो. म्हणजे ज्या क्षणी खरं सांगायला हवं, नेमक्या त्याच क्षणी तो खोटं बोलतो. दीड लाखाच्या वर खर्च आला, आणि ऐन हंगामात गाडी महिनाभर गॅरेजला उभी राहिली. आप्पा त्या महिन्यात घरी फारसं बोलले नाहीत. इतकी वर्षं गाडी चालवून आपल्याला कळलं कसं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मला मात्र वाटत होतं, चूक आप्पांची नव्हतीच.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. गाडीला आपणच सेन्सर लावायचे, हे त्याच महिन्यात ठरवलं.

(गॅरेज. टेबलावर वायरी, छोटे बोर्ड.)

बरेच जण विचारतात, शे-पाचशेचं ब्लूटूथ अडॅप्टर मिळतं, ते खोचायचं आणि मोबाइलवर सगळं बघायचं, एवढा खटाटोप कशाला? ते अडॅप्टर इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलतं. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या, गाड्यांत तो कॉम्प्युटर असतोच. आमची गाडी त्याआधीची, तिचा डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल. विचारायचं कुणाला? इथं प्रत्येक गोष्टीला स्वतःचा सेन्सर लावणं भाग होतं.

मेंदू म्हणून ईएसपी-32 नावाचा छोटा बोर्ड घेतला. त्यात वायफाय आतच असतं. बोर्ड स्वतःचं वायफाय तयार करतो, टॅबलेट त्याला जोडला जातो आणि ब्राउझरमध्ये आकडे उमटतात. इंटरनेट लागत नाही. घाटात रेंज नसते, त्यामुळे हे महत्त्वाचं.

पहिला बोर्ड पहिल्याच दिवशी जळाला. ट्रकची वायरिंग 24 व्होल्टची. अल्टरनेटर चालू झाला की 28 पर्यंत जाते आणि मधूनच त्याहून मोठे झटके येतात. बोर्डाला लागतात फक्त 5. मी मधे साधा कन्व्हर्टर लावला होता, तो झटक्यासरशी गेला. आता आधी फ्यूज, मग झटका गिळणारा डायोड आणि जास्त व्होल्टेज सोसणारा कन्व्हर्टर, अशी साखळी आहे. त्यानंतर एकही बोर्ड गेलेला नाही.

(हवेच्या टाकीचं जवळून दृश्य. मिस्त्री पान्यानं सेन्सर आवळतायत.)

पहिला सेन्सर हवेचा. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. कॉम्प्रेसर हवा बनवतो, ती टाकीत साठते. आप्पांच्या भाषेत, सात किलो हवा असली की गाडी हलवायची. घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की हवा खर्च होते. उतारावर कुणी न्यूट्रल मारलं तर इंजिन मंद फिरतं, कॉम्प्रेसरही मंद, म्हणजे हवा जाते भराभर आणि बनते सावकाश. घाटातल्या किती अपघातांची सुरुवात इथून होत असेल, या विचारानं मला आजही अस्वस्थ वाटतं.

टाकीच्या लाइनला टी आकाराचा जोड लावला. लेथवाल्याकडून आटे जुळणारा पितळी तुकडा करून घेतला आणि त्यात प्रेशर सेन्सर बसवला. तो 0 ते 10 बार मोजतो (आप्पांचा एक किलो म्हणजे जवळपास एक बार) आणि उत्तर व्होल्टमध्ये देतो. गंमत अशी, की हवा शून्य असली तरी तो 0.5 व्होल्ट देतो. 7 बारला 3.3 आणि पूर्ण 10 बारला 4.5.

मिस्त्रींनी विचारलं, "शून्याला अर्धा व्होल्ट कशाला ठेवलाय? सरळ शून्यच द्यायचा की."

तो अर्धा व्होल्ट फार विचार करून ठेवलेला आहे. वायर तुटली तर बोर्डाला 0 व्होल्ट दिसतात. 0.5 म्हणजे टाकी रिकामी, 0 म्हणजे वायर तुटली. दोन्ही वेगळं ओळखता येतं. हा सेन्सर मेला तरी आपण मेलोय हे कळवून जातो! घाटात फसवणाऱ्या त्या काट्याला हेच जमलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक सेन्सरला आम्ही एकच प्रश्न विचारायला लागलो. तू तुटल्यावर काय दाखवशील?

या प्रश्नानं सगळं कामच बदललं.

इंजिनाच्या तापमानाला पाण्यातल्या एका सेन्सरवर विसंबायचं नाही, हे उघडच होतं. दुसरा सेन्सर थेट हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, लोखंडाला लावला. अंगठीसारखी रिंग असलेला, बोल्टखाली दाबून बसणारा. हेडचा मुख्य बोल्ट मिस्त्रींनी सैल करू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. तो ठरावीक ताकदीनं आवळलेला असतो, हलवला तर गास्केट जातं. शेजारच्या ब्रॅकेटचा बोल्ट वापरला. पाणी असो नसो, लोखंड तापलं की हा सांगणारच. शिवाय रेडिएटरच्या वरच्या टाकीत एक छोटी दांडी सोडली. पाणी दांडीला टेकलेलं असेल तर त्यातून बारीकसा करंट वाहतो. पाणी उतरलं की तो बंद. करंट सतत सोडला तर दांडी झिजते, म्हणून काही सेकंदांनी एकदा, क्षणभरच. तो होज आज फुटला असता, तर पाणी वरच्या टाकीतून उतरताक्षणीच बझर वाजला असता.

सेन्सर खरं बोलतायत का, हे तपासायला आम्ही ते उकळत्या पाण्यात बुडवले. चहाच्या टपरीवरच. आकडा 98 वर जाऊन थांबला. मिस्त्री म्हणाले, "दोन डिग्री मार खातोय तुझा सेन्सर." सेन्सर बरोबर होता. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. साधारण तीनशे मीटर चढलं की पाण्याचा उकळबिंदू एक अंशानं उतरतो. महाबळेश्वरात तेच पाणी पंच्याण्णव-शहाण्णवला उकळेल. टपरीवाल्या काकांनी यावर मोठी चर्चा केली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

(घाटमाथा. उजाडतंय. दरीत धुकं.)

हेळवाक गेलं. आता कुंभार्लीचा उतार.

डोंगराच्या पायथ्याला पोफळी, कोयनेचं वीजघर. 1,960 मेगावॉटचा हा प्रकल्प चालतो तो याच सह्याद्रीच्या कड्याच्या जोरावर. वरचं पाणी खाली पडतं आणि पडण्याची ताकद टर्बाइनला मिळते. आमची गाडीही तोच कडा उतरते. मग तिच्या उतरण्याची ताकद जाते कुठं? काही इंजिन अडवतं, काही इंजिनाचा धूर कोंडून गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक अडवतो. उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. हिशेब केला तर 16 टनांची गाडी 100 मीटर खाली आली की पन्नासेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता तयार होते. दर 100 मीटरला एवढी! ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासून थांबवणाऱ्या लायनरपासून लांब सरकतो. लायनरची पकडही कमी होते. पाय दाबलेला असतो आणि गाडी थांबत नाही.

आणि या तापमानासाठी डॅशबोर्डावर काटाच नसतो. आप्पा आजवर हे नाकानं ओळखत आले. लायनरचा वास आला की थांबायचं. पण वास येतो तोवर उशीर झालेला असतो.

मागच्या दोन्ही चाकांपाशी आम्ही न शिवता तापमान मोजणारे सेन्सर लावले. इन्फ्रारेड. ड्रमकडे तोंड करून, लोखंडी नळीच्या तुकड्यात. चकाकत्या धातूवर हे सेन्सर फसतात, पण गंजकट काळपट ड्रमवर छान चालतात.

अडचण वेगळीच निघाली. सेन्सर मागच्या एक्सलला, बोर्ड केबिनमध्ये, मधे सहा मीटर वायर. ज्या पद्धतीनं हा सेन्सर बोलतो ती टेबलावरच्या वीतभर वायरीसाठी आहे. टेबलावर सगळं सुरळीत आणि गाडीत कचरा आकडे. तीन आठवडे गेले. शेवटी मागे दुसरा छोटा बोर्ड बसवला आणि दोघांना कॅन बस नावाच्या वायरिंगच्या पद्धतीनं जोडलं. बॉश कंपनीनं 1986 मध्ये खास गाड्यांसाठी आणलेली ही पद्धत. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर. बाहेरचा गोंधळ दोन्ही वायरींवर सारखाच पडतो आणि मोजायचा असतो तो दोघींतला फरक, त्यामुळे गोंधळ आपोआप वजा होतो. सुतळीसारखा पीळ दिला आणि आकडे शांत झाले.

आणखी एक भूत होतं. हेडलाइट लावला की हवा अर्ध्या किलोनं वाढायची. सेन्सरचं अर्थिंग मी चॅसीला दिलं होतं, आणि हेडलाइटचा मोठा करंटही त्याच वाटेनं परतत होता. सेन्सरची वेगळी वायर थेट बोर्डापर्यंत आणली, भूत गेलं.

राहिला चिखल. पाटण-कोयनानगरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. सेन्सरच्या डोळ्यावर चिखल बसला की ड्रम कितीही तापो, तो थंडच दाखवणार. पुन्हा तोच खोटा काटा! त्यावर उपाय असा, की डाव्या-उजव्याची सतत तुलना करायची. दोन्ही चाकं एकच घाट उतरतात. फरक वाढला तर एकतर एका डोळ्यावर चिखल आहे, नाहीतर एक चाक धरतंय, म्हणजे पाय काढला तरी त्याचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. काहीही असो, उतरून बघायचं.

(टॅबलेट. आधीचा पडदा: रंगीत गोल काटे.)

माझा पहिला पडदा असा होता. आठ गोल काटे, निळे-लाल. मला फार अभिमान होता. आप्पांनी एक खेप केली आणि म्हणाले, "आरं, रस्ता बघू का हे बघू? सगळं बरं असल तवा गप बस म्हणावं त्याला. रातीला तर डोळ्यात खुपतंय."

मी पडदा काळा केला. काही बिघडलं तरच तो आकडा मोठा होऊन समोर येईल, आणि बझर वाजेल.

मग झोप उडाली. काळा पडदा म्हणजे सगळं ठीक. पण टॅबलेट बंद पडला तरी पडदा काळाच असतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, मेच्या उन्हात केबिनमध्ये टॅबलेट तापून अडकला, तर शेवटचा आकडा तसाच गोठून राहील. आप्पा त्याला खरा समजतील. मी स्वतःच्या हातानं तोच काटा परत बनवला होता.

तेव्हा हिरवा ठिपका आला. मागच्या बोर्डाकडून ताजा आकडा आला, तरच तो लुकलुकतो. दोन सेकंद नवं काही आलं नाही, तर ठिपका जातो. बझर टॅबलेटवर ठेवलाच नाही, तो थेट बोर्डाला जोडलाय. कंपनीचे जुने काटेही जागेवरच आहेत, एकही काढलेला नाही.

(उतार. टॅबलेटवर अचानक दोन आकडे. बझर.)

हे चित्रीकरणासाठी केलेलं नाही. डावा ड्रम 130 अंश, उजवा 210. आप्पांनी गिअर आधीच खाली घेतलेला आहे. पुढं रुंद जागा दिसते तिथं ते गाडी बाजूला घेतात. गाडी सरकू नये म्हणून चाकाला ओट लावून आम्ही उतरतो. आप्पा गमज्यानं आधी डाव्या सेन्सरचा डोळा पुसतात. आकडा हलत नाही, म्हणजे चिखल नाही. उजव्या ड्रमजवळ तळहात नेतात, न टेकवता, आणि मागे घेतात.

"धरतंय," ते म्हणतात.

लायनरचा वास अजून आलेला नाही.

पाऊण तास आम्ही तिथं बसून राहिलो. पाणी मारायचं नाही, तापलेला ड्रम तडकतो. पुढे अगदी सावकाश चिपळूण गाठलं. तिथल्या मिस्त्रींनी ड्रम उघडला तेव्हा ब्रेकची रिटर्न स्प्रिंग, म्हणजे लायनर मागे ओढून घेणारी स्प्रिंग, तुटलेली निघाली.

(संध्याकाळ. चिऱ्यानं भरलेली गाडी.)

पुढच्या चाकांना सेन्सर अजून लावायचे आहेत. तिथं वायर स्टिअरिंगबरोबर वळते, तुटते. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वायर लावून बघतोय. मृग लागायच्या आत व्हायला हवं.

आप्पा रेडिएटरचं झाकण उघडून आत बघतात. दांडी आहे, सेन्सर आहे, तरी बघतात. झाकण लावून केबिनमध्ये चढतात, चावी फिरवतात. हवा बनेपर्यंत थांबायचं. सहा किलो. साडेसहा. सात.

ठिपका लागला. गाडी हलली.