उद्याच्या महासत्ता आणि आजची भाकिते

श्रोतेहो, उद्याची महासत्ता कोण, असे विचारले की आपण गेल्या दहा-पंधरा वर्षांचा विकासदर पाहतो आणि तोच वेग पुढची तीस-चाळीस वर्षे टिकेल असे गृहीत धरतो. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे आणि तो मांडण्यासाठी मी आपल्याला १९१३ सालच्या अर्जेंटिनात नेणार आहे.

अर्थतज्ज्ञ अँगस मॅडिसन यांच्या अंदाजांनुसार त्या वर्षी अर्जेंटिनाचे दरडोई उत्पन्न फ्रान्सपेक्षा अधिक आणि इटलीपेक्षा तर बरेच अधिक होते. पंपासच्या सपाट, सुपीक गवताळ प्रदेशातला गहू आणि मांस ब्रिटिश भांडवलाने बांधलेल्या लोहमार्गांवरून बंदरात येई आणि शीतगृहे असलेल्या जहाजांमुळे ते मांस अटलांटिक ओलांडूनही टिके. इटली आणि स्पेनमधून लाखो माणसे पोटासाठी तिकडे जात होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्यूनोस आयर्समध्ये लॅटिन अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे धावू लागली. हा देश पुढे मोठा होणार, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्याला खोडून काढणे अवघड होते.

पण जमीन मोजक्या घराण्यांच्या हाती होती, पुष्कळ स्थलांतरित तिच्यावर कूळ म्हणूनच राबत होते आणि कारखानदारीचा पाया अरुंद होता. १९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळले आणि सप्टेंबर १९३० मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांचे निवडून आलेले सरकार उलथवले. लष्करी उठावांची ती मालिका १९७६ पर्यंत चालली. भाव कोसळल्याची झळ कॅनडा आणि ऑस्ट्रेलियालाही बसली, परंतु तिथे सरकारे निवडणुकीनेच बदलली. वाईट दिवस आल्यावर सत्तेचा निवाडा मतपेटीत होतो की लष्कराच्या छावणीत, हे मी विकासदराच्या आधी पाहतो.

सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने १९६१ मध्ये, दहा वर्षांत दरडोई उत्पादनात अमेरिकेला मागे टाकू, असे जाहीर केले होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ हा देशच उरला नाही. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ अखेर ३८,९०० च्या वर होता आणि ती पातळी ओलांडायला २०२४ उजाडले. त्या दरम्यान तिथली कामकरी वयाची लोकसंख्या घटत गेली होती, आणि ही घट मात्र आधीच दिसण्याजोगी होती, कारण वीस वर्षांनी विशीत असणारी माणसे आजच जन्मलेली असतात.

त्या दृष्टीने पाहता चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटते आहे आणि २०२३ मध्ये भारत सर्वाधिक लोकसंख्येचा देश झाला. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २.० आणि महाराष्ट्राचा १.७ नोंदला गेला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ च्या खाली. तरुण हातांचा हा काळ मर्यादित आहे, आणि आपल्या स्त्रियांपैकी फार मोठा वर्ग, चीनच्या तुलनेत तर ठळकपणे, अजून मोबदल्याच्या कामाबाहेरच आहे.